आजींचं दुसरं नको

"दार वाजवा."

"अहो, पण आतल्या आजोबांना ऐकू येत नाही. फाइलवर लिहिलंय तसं."

"म्हणून काय झालं? दार वाजवा."

तिच्या हातांत धुतलेल्या चादरींचा गठ्ठा होता आणि वरची चादर हनुवटीने दाबून धरलेली, त्यामुळे हे सगळं तिला दातांतल्या दातांतच बोलावं लागलं. समोरचा माणूस नवा होता. खांद्याला पिशवी, पायांत पांढरे बूट, आणि त्या बुटांचे ओले ठसे फाटकापासून थेट चार नंबरच्या खोलीपर्यंत, आत्ताच पुसलेल्या फरशीवरून. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती. एक तर फरशीची ही गत, वर दार न वाजवता आत शिरायला निघालेला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तो हसला. मग वळून त्याने दार वाजवलं. अगदी व्यवस्थित. आतून काही आवाज आला नाही, येणारही नव्हता.

"आता?"

"आता दहा मोजा आणि हळूच उघडा. त्यांना तुम्ही दिसलात, त्यांनी मान हलवली, की मग आत पाऊल टाका. ऐकू येत नसलं तरी खोली त्यांची आहे."

"कुठल्या कलमात आहे हे?"

"सहाव्या. भिंतीवर लावलंय. डोळे असतील तर वाचा."

"डोळे आहेत की," तो म्हणाला, आणि भिंतीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. "एक... दोन... तीन..."

सातावर तिची चादर हनुवटीखालून घसरली.

तो वृद्धाश्रम होता बावीस खाटांचा. एक लांब पडवी, भिंतीला धरून चालायला कठडे, आणि मधोमध काचेच्या चौकटीत 'रहिवाशांचे हक्क' अशी बारा कलमांची पाटी. त्या पाटीचा उपयोग इथे काम करणाऱ्या बाकीच्या बायका ओले टॉवेल अडकवायला करत. हिला मात्र बाराच्या बारा तोंडपाठ. अंघोळ घालण्याआधी विचारायचं, औषध कशाचं ते सांगायचं, जागचं उठवण्याआधी संमती घ्यायची, आणि कुणाला इजा झाली तर चोवीस तासांच्या आत लेखी कळवायचं. ते कर्तव्य झाडूवाल्यापासून मॅनेजरबाईंपर्यंत सगळ्यांचं. तिच्या स्वतःच्या आजोबांना शेवटची दोन वर्षं घरच्यांनी मोठ्या प्रेमानेच, पण काही न विचारता, उचललं, ठेवलं आणि भरवलं होतं. आजोबा नुसते बघत राहायचे. ते बघणं तिच्या मनातून कधी गेलं नाही. पण हे ती कुणाला सांगत नसे, आणि बायका तिला 'नियमावली' म्हणून हाका मारत.

तो फिजिओथेरपीवाला. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. "हात वर, हात खाली, एक दोन" करत सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीने बसवून कवायत घ्यायचा, म्हणून आठवड्याभरात त्याचा मास्तर झाला. तिसऱ्या आठवड्यात तो पायपुसण्यावर बूट इतका वेळ घासू लागला की मॅनेजरबाईंनी नवं पायपुसणं आणलं.

"नियमावली, आज कोणतं कलम?"

"आज तुमची तासिका पावणेअकराला संपायला हवी होती. अकरा वाजले."

"मग मला बाहेर काढा. पण आधी संमती घ्या हं माझी."

ती फणकाऱ्याने निघून जायची, आणि न्हाणीघरात जाऊन आरशात बघायची की चेहऱ्यावर काही दिसतंय का. दिसत असायचं. मंगळवारी तिची वेणी नीट घातलेली असते आणि बुधवारी अंबाडा कसाबसा गुंडाळलेला असतो, हे आधी स्वयंपाकिणीने ओळखलं, मग बावीस खाटांनी. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला जमतच नव्हतं.

आता शिवणआजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच घडलं. शिवणआजी नऊ नंबरच्या खोलीत असत. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कपडे शिवले होते. जवळचं म्हणाल तर एक भाचा, तोही वर्षातून एकदा यायचा. आजी भिडस्त इतक्या, की त्यांच्या तोंडून कुणी कधी 'हो' ऐकलं नव्हतं. चहा? "नको नको, कशाला उगाच." बिस्कीट? "नको गं, तूच खा." आणि हे म्हणताना हात मात्र बशीकडे निघालेला असायचा. नवी कामवाली आली की पहिले चार दिवस आजी उपाशी राहायच्या. मग नियमावली त्या नवीला बाजूला घेऊन सांगायची, अगं, आजींना तीनदा विचारायचं असतं.

पण आजींचं दुसरंही एक नको होतं. ते क्वचित यायचं. त्याला पुढे-मागे काही नसायचं, ना 'गं', ना 'कशाला'. ओठ मिटायचे, नजर खाली जायची, आणि नुसतं, "नको." पाणी फार गरम असलं, कुठे दुखत असलं, कुणी परका खोलीत असला की ते यायचं. त्या नकोपुढे ती कधी एक पाऊलही टाकत नसे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं.

एका मंगळवारी मास्तर हैराण होऊन पडवीत आला.

"नऊ नंबर कशालाच तयार होत नाहीत. हात वर करू? नको. पाय हलवू? नको. काय करू मी? तुमच्या कलमाप्रमाणे हात जोडून घरी जाऊ?"

तिला हसू आलं. "अहो, त्यांचं पहिलं नको धरायचं नसतं. तीनदा विचारायचं, गोड बोलून. भिडेचं असतं ते."

"म्हणजे नको म्हणजे हो?"

"त्यांच्यापुरतं. पण एक आहे हं, आजींचं अजून एक नको असतं, ते जरा..."

"आणि तुमचं?" त्याने आवाज एकदम खाली आणला. "तुम्हाला चहाला बोलावलं, तर किती वेळा विचारायचं?"

तिच्या हातात कपबश्यांचा ट्रे होता. आपण काय बोलत होतो ते ती साफ विसरली. कानांच्या पाळ्या तापल्या, आणि "जा तुम्ही..." एवढंच कसंबसं म्हणून ती ट्रे घेऊन पळाली. स्वयंपाकघरात गेल्यावरही बराच वेळ हसत होती. अर्धं सांगायचं राहिलंय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्या संध्याकाळी बसथांब्यासमोरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. त्याने एकदाच विचारलं होतं.

आयुष्यात एवढं सुख आपल्याला कधी झालं होतं का, असं तिला तेव्हा वाटलं. पुढे कित्येक दिवस हीच गोष्ट तिला जाळत राहिली, की ते अर्धं वाक्य तिने सुखात गिळलं होतं.

शुक्रवारी ती पाच नंबरच्या बाईंची अंघोळ आटोपत होती तेव्हा धप्पकन आवाज आला. मग मास्तरचा आवाज, ओळखू न येणारा. ती धावली. शिवणआजी खाटेपासून दोन पावलांवर पडल्या होत्या. त्यांचा पाय जसा वळायला नको तसा वळला होता. आणि त्या ओरडतही नव्हत्या, ओठ मिटून पडल्या होत्या.

रुग्णवाहिका गेली. पडवीत तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"तीनदा विचारलं मी. गोड बोलून. तिन्ही वेळा नको म्हणाल्या. मला वाटलं..."

"कशा म्हणाल्या?"

"कशा म्हणजे?"

"नको नको, कशाला उगाच, अशा? की नुसतं नको?"

तो आठवत राहिला. तिला वाटलं, याने आठवूच नये.

"नुसतं," तो म्हणाला.

ती पडवीतल्या फरशीवरच बसली. त्या दिवसाच्या टाचणात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, सकाळपासून आजी कंबर दुखते म्हणत होत्या. ते टाचण वाचायचं काम तिचंच होतं. वाचून ती शुक्रवार आहे म्हणून वेणी घालायला गेली होती.

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तोल जाऊन पडल्या, असं लिहू. खोटं आहे का यात काही? तोल गेला आणि पडल्या. उगाच चौकशी लागली, आश्रमाला टाळं लागलं, तर बावीस म्हातारी माणसं कुठे नेऊन ठेवू मी? तुझ्या घरी?" घटनेचा कागद त्यांनी मास्तरपुढे सरकवला.

तो कागद तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. त्यात एक रकाना होता: 'उठवण्यास रहिवाशाची संमती होती काय?' त्यापुढे मास्तरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'होय.'

तिने त्याला फोन केला. तो लगेच आला. दोघं मागच्या अंगणात, चादरी वाळत घातलेल्या दोरीखाली उभे राहिले.

"होय कसं लिहिलंत?"

"'नाही' लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग उठवलंत का. आणि मग सांगावं लागलं असतं की मला तीनदा विचारायला कुणी सांगितलं."

"मग सांगायचं!"

"तुझं नाव?" पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होईल गं. तुझी नोकरी गेली तर? तुझ्या घरी आई आहे, धाकटी बहीण आहे. मी तुझ्यासाठी लिहिलं ते. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं."

तिला वाटलं, इथेच याच्या खांद्यावर डोकं टेकावं आणि हे सगळं विसरून जावं. वारा सुटला होता, ओल्या चादरी अंगाला चाटून जात होत्या. एक चादर बाजूला सारून ती म्हणाली,

"आणि आजींचं नको कुठे गेलं मग? बाई जन्मात कुणाला स्पष्ट नाही म्हणाल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, तेही तीनदा. आणि कागदावर त्या होय म्हणाल्यात. आता ते कोण सांगणार? त्यांना तर बोलायचीही शुद्ध नाही."

तो दोरीवरचा एक चिमटा काढून परत लावत राहिला.

"ऐक," ती म्हणाली. तिच्याही तोंडून तू निसटलं, आणि तिने ते परत घेतलं नाही. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून, दहापर्यंत मोजत होतास तेव्हापासून. असं मी अजून कुणाला म्हटलेलं नाही, पुढेही म्हणेन असं वाटत नाही. आणि मी आज दुपारी लेखी कळवणार आहे. आधी माझं नाव लिहीन, मग तुझं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर तिला सोसला असता.

"चोवीस तास कधी संपतात?" त्याने विचारलं.

"अकराला संपले," ती म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

चौकशी समितीने दीड महिन्याने बोलावलं. एका सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पंखा कुरकुरणाऱ्या खोलीबाहेर, एकाच बाकावर दोघं बसले होते. त्याने पाण्याची बाटली आणली होती, तिने पोळीचा डबा. कुणीच काही खाल्लं नाही. आत गेल्यावर त्याने दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. त्या 'होय'सकट. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, "त्यांना नको होतं हे तुम्हाला कळलं नाही?" तो म्हणाला, "कळायला हवं होतं." शिकवणारी कोण होती यावर तो एक शब्द बोलला नाही. पण तिच्या अर्जात पहिल्याच ओळीत ते होतं.

निकाल लागला. त्याची नोंदणी दोन वर्षांसाठी निलंबित. तिला लेखी ताकीद. आश्रमाला सुधारणेची मुदत. टाळं लागलं नाही. मॅनेजरबाई तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या, आणि बाकीच्या बायका तेवढंही नाही. आता तिला कुणी नियमावली म्हणत नव्हतं. काहीच म्हणत नव्हतं.

त्या इमारतीच्या जिन्यात तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"हो," ती म्हणाली. क्षणाचाही विचार केला नाही.

मग दोघंही पायरीवर बसून राहिले. एवढं मोठं हो म्हटल्यावर माणसं हसतात, हात धरतात. यांना काही सुचेना. खाली कुणीतरी वर यायला निघालं, वाट अडली म्हणून दोघं सरकून बसले.

"आजींना जरा बरं वाटू दे," तो शेवटी म्हणाला. "त्या बसू लागल्या, चहा पिऊ लागल्या, की आपण त्यांच्या पाया पडून येऊ. मग करू. तोवर मला... तुझ्याकडे बघितलं की ती खोली दिसते गं."

"मलाही."

"आणि त्या गेल्या, तर मी तुला तोंड दाखवू शकणार नाही. खरंच सांगतो. जमणार नाही मला."

"असं नको बोलूस," ती म्हणाली. पण त्याचं म्हणणं तिला अगदी नीट कळलं होतं.

तो बहिणीच्या गावी गेला, मेहुण्याच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला. दर रविवारी संध्याकाळी पाचला फोन करायचा. सुरुवातीला अर्धा तास बोलायचे. दुकानात काय झालं, आश्रमात काय झालं, आश्रमातले एक जुने पोस्टमन आजोबा अजून मंगळवारी खुर्ची ओढून कवायतीला बसतात, समोर कुणी नसलं तरी. हळूहळू बोलणं आटत गेलं. शेवटी चारच शब्द उरले. तो विचारायचा, "कशा आहेत?" ती म्हणायची, "आहेत तशाच."

खरं म्हणजे तशाच नव्हत्या. आजींना रुग्णालयातून परत नऊ नंबरमध्ये आणलं होतं, पण हाड जुळलं नाही. आजी उठल्या नाहीत, बसल्या नाहीत. आणि तिला सगळ्यात जास्त कशाने पोखरलं असेल, तर आजी आता कशालाच नको म्हणत नव्हत्या. "आजी, पाणी देऊ?" तोंड उघडायचं. "आजी, कूस बदलू?" अंग सैल पडायचं. ती तीनदा विचारायची. कधी कधी मुद्दाम विचारायची, "आजी, चहा फार गरम आहे, नको ना?" तरी तोंड उघडायचंच. ती बशीत चहा ओतून फुंकत बसायची आणि वाट बघायची, की कशाला उगाच म्हणतील, भिडेचं का होईना, एकदा म्हणतील. म्हणाल्या नाहीत. एकदा नाही म्हटलं आणि कुणी ऐकलं नाही, मग कशाला परत म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. किंवा काहीच ठरवलं नसावं. ते विचारायची सोय राहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी ती चमचा घेऊन खाटेशी बसली.

"आजी, पाणी देऊ?"

ओठ मिटलेले होते. घट्ट. नजर खाली.

तिच्या अंगातून वीज गेली. नको म्हणतायत! आजी नको म्हणतायत! तिने चमचा मागे घेतला, डोळे भरून आले, आणि आनंदाने ती म्हणाली, "बरं बरं आजी, नाही देत. नको ना? नाही देत." तशीच हसत ती मिनिटभर बसून राहिली असेल. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि तो हात गार होता.

तिने सगळं नियमाप्रमाणे केलं. डॉक्टरांना बोलावलं, वेळ लिहिली, भाच्याला कळवलं. भाचा आला, सही करून आजींना घेऊन गेला. शुक्रवारी तिने खाट पुसून काढली. शनिवारी नऊ नंबरला नव्या बाई आल्या, साखर जास्त घालून चहा मागणाऱ्या.

मास्तरला मात्र तिने कळवलं नाही. गुरुवारी दोनदा फोन हातात घेतला, शुक्रवारी एकदा. रविवारी तर विचारेलच तो, मग तेव्हाच सांगू, असं स्वतःला समजावलं. शनिवारी ती घरी आईशी विनाकारण भांडली आणि जेवली नाही.

रविवारी पाचला फोन वाजला. ती बसथांब्यावर उभी होती. समोरच्या टपरीत कुणीतरी कप विसळत होतं.

"कशा आहेत?" त्याने विचारलं.

जन्मात तिने एक खोटी नोंद केली नव्हती. खऱ्यासाठी तिने या माणसाचं सगळं घालवलं होतं, आणि परत तसं करायची वेळ आली असती तर परत तसंच केलं असतं. तिला पक्कं माहीत होतं, की आता खरं सांगितलं तर तो 'बरं' म्हणेल, फोन ठेवेल, आणि पुढच्या रविवारी पाच वाजतील, सहा वाजतील, आणि फोन वाजणार नाही.

"आहेत तशाच," ती म्हणाली.

"पाणी घेतात ना?"

"घेतात."

"आधी विचारतेस ना?"

"विचारते."

"बरं," तो म्हणाला. त्याचा श्वास मोकळा झालेला तिला ऐकू आला. "मग पुढच्या रविवारी करतो."

"हो," ती म्हणाली, "पाचला कर."